त्यांनी आधी मला उचललं

मी मांडणी बोलतेय. कानाझावा शहरातल्या इसोगाई डॉक्टरांच्या घरची, काळ्या रोगणाची, सोनेरी नक्षीची मांडणी. उंची माणसाच्या कमरेएवढी. तीन फळ्या, मध्ये दोन चिमुकल्या दारांचा एक कप्पा, आणि अंगभर बोरूच्या बेटात उतरणारी रानबदकं. शंभरी मी केव्हाच ओलांडली. इतक्या वर्षांत माझं कौतुक करणारे पुष्कळ भेटले. माझ्यापायी कुणाला काय सोसावं लागलं, हे मात्र मला कुणी विचारलं नाही. आज तेवढंच सांगायचंय.

माझा जन्म नोतोच्या किनाऱ्यावरच्या वाजिमा गावातला. माझा बाप जिन्पेई. तिथं उरुशी नावाचं झाड असतं. त्याच्या खोडाला चरे पाडले की करडा चीक गळतो. तो गाळून, घोटून त्याचं रोगण करतात. जिन्पेईनं हिनोकीच्या लाकडाचा माझा सांगाडा केला आणि त्यावर थरावर थर चढवले. प्रत्येक थर वाळला की कोळशानं घासायचा, मग पुढचा. शेवटी ओल्या रोगणावर बांबूच्या नळीतून सोन्याची भुकटी हलकेच पाडली आणि माझ्या अंगावर बदकं उतरली.

आमचं एक उलटंच आहे. जगातले सगळे रंग उन्हात वाळतात, आमचं रोगण दमट, अंधाऱ्या कपाटात वाळतं. ओल आणि अंधार आम्हाला मानवतो. उन्हानं काळा रंग विटतो आणि कोरड्या हवेनं अंग तडकतं. ही माझी जातच आहे. पण या जातीपायीच पुढचं सगळं झालं.

तो कच्चा चीक अंगाला बाधतो. जिन्पेईला सवय होती, त्याच्या बायकोला नव्हती. ती नुकतीच लग्न होऊन आलेली. एका नवरीच्या आहेरासाठी मी घडत होते, तेव्हा तिचं तोंड इतकं सुजलं की डोळे मिटून गेले. तरी ती हसून म्हणायची, "नवरी होणार ती कोण कुठली, आणि तोंड सुजलंय माझं!" जिन्पेई पण हसायचा. मला त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही. सुंदर व्हायचं तर कुणाचं तरी तोंड सुजणारच, असंच मी धरून चालले.

ती नवरी म्हणजे सायो. एका जहाजवाल्या घरात ती पडली. तिच्याबरोबर मी गेले. रोज सकाळी ती माझ्यासमोर बसायची. फण्या, आरसा, पावडरीच्या डब्या, सगळं माझ्या फळ्यांवर असायचं. तिच्या बोटांचं तेल लागून माझ्या दारांच्या कडा गुळगुळीत झाल्या. पुढे आगगाडी आली, जहाजांचा धंदा बसला, सायोही गेली. तिच्या माणसांनी मला सुती कापडात गुंडाळून मागच्या मातीच्या कोठारात ठेवलं. तिथं अंधार होता, समुद्राची दमट हवा होती. खरं सांगते, मला तिथं काही कमी नव्हतं.

मग एक दिवस कापड उलगडलं आणि समोर इसोगाई डॉक्टर उभे होते. तोकुरो इसोगाई, दातांचे डॉक्टर. त्या घरातली म्हातारी विधवा कोठार पाडायला निघाली होती. जुन्या वस्तूंचा नाद असलेले डॉक्टर ते ऐकून तिथवर आले होते.

डॉक्टरांनी मला पाहिलं आणि ते मातीतच खाली बसले. कोटाच्या बाहीनं डोळे पुसू लागले.

म्हातारी घाबरली. "काय झालं हो डॉक्टर? उंदरांनी कुरतडलीय का कुठं?"

"नाही हो," डॉक्टर म्हणाले. "माझ्या आईची अशीच होती. तोयामाला. लढाईच्या शेवटच्या उन्हाळ्यात बाँब पडले, त्यात घर गेलं, आई गेली, सगळं गेलं."

"मग न्या हो. माझ्या सुनेला घरात सगळं प्लॅस्टिकचं लागतं. हिचं ती काय करणार?"

डॉक्टरांनी मला मोटारीच्या मागच्या सीटवर तान्ह्या पोरासारखं आडवं ठेवलं आणि कानाझावाला आणलं. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढचं ऐकून तुम्ही त्यांना दुष्ट म्हणाल. ते दुष्ट नव्हते.

घरात त्यांची बायको मिनेको होती आणि शाळेत जाणारी मुलगी रित्सुको. दक्षिणेकडची खोली मिनेकोची. समोर ओसरी, ओसरीपुढे बाग. कानाझावाचा हिवाळा म्हणजे महिनोन्‌महिने ढग, पाऊस, बर्फ. जे काय चार घटका ऊन पडेल ते या खोलीत पडायचं. तिथं तिचं शिलाईचं मशीन होतं. ओसरीच्या वाशाला सोललेल्या पर्सिमन फळांच्या माळा वाळत टांगलेल्या असायच्या. 

मला पाहून मिनेको हरखली. "अहो, किती देखणी आहे! सासूबाईंची आठवण आली असेल ना तुम्हाला? ठेवा इथंच, माझ्या खोलीत. मशीन मी हलवते."

मशीन तिनं आपण होऊन हलवलं. पण त्यामागून एकेक करत सगळंच हललं. मला ऊन बाधेल म्हणून आधी पर्सिमनच्या माळा गेल्या आणि ओसरीच्या लाकडी झडपा बंद झाल्या. पुस्तकं वाचून डॉक्टरांना कळलं की रॉकेलच्या शेगडीच्या आचेनं रोगण तडकतं, काजळी धरते. म्हणून घरातली शेगडी गेली. रित्सुकोला अभ्यासाला तेवढी तिच्या माडीवरच्या खोलीत ठेवली. मिनेको उत्तरेकडच्या, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत राहू लागली. तिथं टेबलाखाली विजेची छोटी शेगडी आणि वर रजई. बस, एवढीच ऊब.

मी एकटीच राहिले असते तर कदाचित निभावलं असतं. पण संग्रह करणाऱ्या माणसाचं एका वस्तूनं कधी भागत नाही. डॉक्टर सुट्टीच्या दिवशी क्योतोला जात, ओसाकाला जात, लिलावात बसत. खोगीर ठेवायची लाकडी घोडी आली, किमोनो टांगायचा स्टँड आला, लेखनाचं मेज आलं, पेटारे आले. खोली भरली. सगळे काळे, सगळे सोनेरी, सगळे उन्हाला भिणारे. आणि त्या सगळ्यांची पट्टराणी मी. डॉक्टर येताजाता माझ्याशी बोलायचे. "आज कशी आहेस?" म्हणायचे. हे ते उत्तरेच्या खोलीत जाऊन विचारत नसत. मधे नुसतं कागदी दार होतं, मला ऐकू आलं असतं.

महिन्यातून एकदा बैठक व्हायची. डॉक्टरांसारखेच चार-पाच वेडे जमायचे. त्यांत कुसुनोकि नावाचे साके नावाची तांदळाची दारू गाळणारे धनिक होते, मोठ्या पोटाचे आणि मोठ्या आवाजाचे. आत येताना घड्याळं, अंगठ्या काढायच्या, हातांत पांढरे मोजे चढवायचे, तोंडावर कापड. कुणी बोलताना थुंकी उडाली तर डॉक्टरांचं कपाळ आठ्यांनी भरायचं.

कुसुनोकि माझ्यासमोर गुडघे टेकून म्हणायचे, "डॉक्टर, ही जर बाई असती ना, तर मिनेकोबाईंनी तुम्हाला घराबाहेर काढलं असतं!"

चहाचा ट्रे दाराबाहेर ठेवता ठेवता मिनेको म्हणायची, "बाई असती तर निदान भांडी तरी घासून घेतली असती हो तिच्याकडून."

सगळे खो खो हसायचे. मलाही गंमत वाटायची. शेजारच्या साकाशिताबाई तर मला उघड उघड 'मिनेकोची सवत' म्हणत. "सवतीला खोली दिलीस आणि तू बसलीस मोरीपाशी," म्हणत. मिनेको हसून विषय बदलायची. 

हिवाळ्यात खोलीतली हवा ओलसर राहावी म्हणून तांब्याच्या पसरट घंगाळात पाणी भरून ठेवायचं असे. ते काम मिनेकोचं. गार पाण्यानं तिची बोटं सुजायची, लाल व्हायची, सांध्यांवर फुटायची. तिचा हात दारातून आत आला की मला तो दिसायचा. जिन्पेईच्या बायकोचं सुजलेलं तोंड मी हसण्यावारी नेलं होतं. हे हात तसे नेता येईनात.

एका हिवाळ्यातली गोष्ट. रात्रभर बर्फ पडून सकाळी लख्ख उघडलं होतं. डॉक्टर क्योतोला लिलावाला गेलेले. मिनेको खोलीत आली, थोडा वेळ उभी राहिली आणि तिनं ओसरीची एक झडप सरकवली. बर्फावरून उसळलेलं ऊन एकदम आत आलं. कैक वर्षांत मी ऊन पाहिलं नव्हतं.

तिनं आधी काय केलं असेल? खांद्यावरची लोकरी शाल काढली आणि माझ्या अंगावर घातली. मला ऊन लागू नये म्हणून. मग स्वतः नुसत्या स्वेटरवर ओसरीत पाय सोडून बसली. खिशातून संत्रं काढून सोलून खाल्लं. शालीच्या विणीतून मला तिची पाठ दिसत होती. 

"सांगू नकोस हं त्यांना," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "थोडाच वेळ."

पण लिलाव पुढे ढकलला गेला होता आणि डॉक्टर दुपारच्या गाडीनंच परत आले. झडप लावलेली होती, शाल गेलेली होती. डॉक्टरांनी मोजे घालून माझ्या माथ्यावर हात ठेवला. लाकडात ऊब राहिली होती.

"मिनेको, झडप उघडली होतीस?"

"थोडा वेळ हो. हिला झाकलं होतं मी."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "माझ्या आईची राख झाली, मिनेको. आता एवढंच उरलंय. तुला चार घटका धीर धरवत नाही?"

तिनं मान खाली घातली. "चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि झडपांना आतून कडी-कुलूप बसलं. किल्ली डॉक्टरांच्या खिशात. माझी बदकं शाबूत राहिली. चार घटका उन्हानं मला काहीही झालं नसतं. पण ते त्यांना सांगायला मला तोंड नव्हतं.

वर्षं गेली. रित्सुको लग्न करून नागोयाला गेली. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, आता ते दिवसभर आमच्यातच. मिनेकोचे केस पिकले. पाठ दुखते, गुडघे धरतात, असं ती साकाशिताबाईंना सांगायची. थंडी बाधली असेल, एवढंच सगळे म्हणत.

नोव्हेंबर संपत आला होता. समुद्राकडून हिवाळी ढगांची पहिली गडगड ऐकू येत होती. त्या दिवशी बैठक होती. पाहुण्यांना दाखवायला डॉक्टरांनी मला माझ्या जागेवरून काढून दाराजवळ, चटईवरच ठेवलं होतं. कुसुनोकि भिंग लावून माझ्या एका बदकाचा पंख पाहत होते. खोलीबाहेरच्या बोळात दिवा लावायचा नाही असा नियम होता, कारण दार उघडलं की त्याचा उजेड आत येई. त्या अंधाऱ्या बोळातून मिनेको घंगाळ भरून आणत होती.

आधी तांबं आपटल्याचा आवाज झाला. मग काहीतरी मऊ, जड पडल्याचा. दार धक्क्यानं सरकलं आणि पाण्याचा लोट आत आला.

"पाणी!" कुसुनोकि ओरडले. "मांडणी! मांडणी उचला!"

आणि त्यांनी मला उचललं. एका बाजूनं कुसुनोकि, दुसऱ्या बाजूनं डॉक्टर. चांगलं वर, छातीपर्यंत. मोजे घातलेले हात, अगदी जपून. बाकीचे पेटाऱ्यांकडे धावले. मी हवेत होते आणि उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. मिनेको बोळात कुशीवर पडली होती, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. ती आमच्याकडे बघत होती.

मला कोरड्या जागी मेजावर ठेवून झालं, माझे पाय पुसून झाले, तेव्हा डॉक्टर वळले. "मिनेको!" म्हणाले. किती उशीर झाला होता? फार नाही. पाणी चटईत मुरेपर्यंत. पण तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

रुग्णवाहिका आली, मिनेकोला घेऊन गेली. घर रिकामं झालं.

दोन-चार दिवसांनी रित्सुको आली. बूट न काढता आत येते की काय असं वाटावं इतकी तरातरा ती दक्षिणेच्या खोलीत शिरली. मागोमाग डॉक्टर.

"बाबा, किल्ली द्या."

"रित्सुको, आधी बस. चहा..."

"चहा नको. किल्ली द्या. रुग्णालयातल्या डॉक्टरनं मला काय विचारलं माहीत आहे? म्हणाला, आईच्या हाडांत जीव नाही. खुब्याचं हाड काडीसारखं मोडलंय. म्हणाला, 'तुमच्या घरात ऊन येतं का?' मी काय सांगू त्याला? येतं, पण आम्ही कुलूप लावलंय?"

"वय झालं की हाडं..."

"साकाशिता काकू आईपेक्षा मोठ्या आहेत. अजून छपरावरचा बर्फ काढतात!" ती माझ्याकडे वळली. वाटलं, आता ही लाथ घालणार. मी तर म्हणते, घालायला हवी होती. पण ती नुसती बघत राहिली आणि रडू लागली. "हिला काय बोलायचं? लाकूड आहे ते. तुम्ही तर माणूस होतात ना, बाबा?"

डॉक्टरांनी किल्ली दिली नाही. रित्सुको रुग्णालयात आईकडे निघून गेली. 

दुसऱ्या दिवशी मिनेकोला घालायला गरम कपडे हवे होते, म्हणून डॉक्टर उत्तरेच्या खोलीत गेले. कपाटं उघडल्याचे, खण ओढल्याचे आवाज येत होते. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. शेवटी ते हातात तिची जाड पायमोज्यांची गुंडाळी घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. रोजच्यासारखं 'कशी आहेस' म्हणाले नाहीत.

"तिथं तोंडातून वाफ निघते," ते म्हणाले. "घरात. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबलीत तिनं. मोज्यांवर मोजे, एकावर एक शिवलेत. आणि मी रोज त्या खोलीवरून जात होतो."

मग ते उठले. झडपांची कुलपं काढली. गंज धरला होता, झडपा हलेनात. म्हातारपणी अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून त्यांनी त्या एकेक करून सरकवल्या. बाहेर ढगच होते, ऊन नव्हतंच. पण खोलीत उजेड आला. त्यात आमच्या सगळ्यांवरची धूळ दिसली.

बर्फ वितळून संपला, तेव्हा मिनेको चाकाच्या खुर्चीत बसून घरी आली. तोवर डॉक्टरांनी जवळजवळ सगळा संग्रह एका वस्तुसंग्रहालयाला देऊन टाकला होता. कुसुनोकींना लेखनाचं मेज हवं होतं, ते त्यांना दिलं. दक्षिणेच्या खोलीत पलंग आला, रॉकेलची शेगडी आली. मला तेवढं अजून कापडात गुंडाळून दाराशी ठेवलं होतं. मीही जाणार होते. मला जायचंच होतं. रोज तिच्या डोळ्यांसमोर राहायचं कुठल्या तोंडानं?

रित्सुकोनं खुर्ची ढकलत खोलीत आणली. मिनेकोच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. ती डोळे किलकिले करून बसली.

"अहो, झडपा लावा. ही काळवंडेल."

"काळीच आहे ती," डॉक्टर म्हणाले. 

तिला हसू आलं. मग विचारलं, "आणि ही कुठं निघाली?"

"संग्रहालयात. सगळे तिथंच गेलेत."

"हिला राहू द्या."

"आई!" रित्सुको म्हणाली. "कशाला हवी आता ही?"

"इतकी वर्षं हिच्यावर राग धरलाय मी. एकदम गेली तर तो राग ठेवू कुठं?" ती म्हणाली. "ठेव ती माझ्या पलंगाशेजारी. औषधं ठेवायला बरी पडेल."

म्हणून मी राहिले. मला शिक्षा झाली की माफी मिळाली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

एकदा दुपारी दोघंच होते. डॉक्टर तिच्या पायांना तेल लावत होते. ती परत कधी चालली नाही, हेही सांगायला हवं. तेल लावता लावता ते थांबले.

"मिनेको, त्या दिवशी मी आधी..."

"पाहिलं मी," ती म्हणाली. "पाय मोडला होता माझा, डोळे नाही."

डॉक्टरांची मान खाली गेली. त्यांनी विचारलं, "काय वाटलं तुला तेव्हा?"

"वाटलं, नीट धरा. कोपरा दाराला लागेल."

डॉक्टर तिच्या पावलांवर डोकं टेकून रडले. ती त्यांच्या टकलावरून हात फिरवत राहिली, आणि मध्येच म्हणाली, "तेलाचा हात पुसून घ्या आधी. रजई खराब होईल."

मी ते ऐकलं आणि मला वाटलं, त्याच दिवशी कोपरा दाराला लागून मी दुभंगले असते तर किती बरं झालं असतं. कळा सोसत पडलेल्या बाईनं माझ्या कोपऱ्याची काळजी करावी, अशी मी कोण? जन्मभर मला सगळ्यांनी जपलं. मी कुणाला जपलं? मला कौतुक आवडायचं. मोजे घातलेले हात आवडायचे. अंधार तर फारच आवडायचा. माझ्या अंधारात आणखी एक जीव वाळत चाललाय, हे मला दिसत होतं, आणि तरी बैठकीच्या दिवशी कुणी भिंग लावून माझ्या पंखांवर झुकलं की मी ते विसरून जायची.

आता माझं रूप पाहाल तर ओळखणार नाही. दक्षिणेच्या उन्हानं माझा काळा रंग विटून तपकिरी झालाय. शेगडीच्या सततच्या आचेनं माथ्यावर एक लांब चीर गेलीय. एका बदकाचं डोकंच उडालंय. फळ्यांवर गोळ्यांच्या पट्ट्या, चष्मा, रेडिओ, संत्र्यांची टोपली असते. चिमुकल्या दारांच्या कप्प्यात मिनेको रित्सुकोच्या मुलांसाठी खाऊ लपवते. 

मागे एकदा कुसुनोकि भेटीला आले. मला पाहून त्यांचं पोटसुद्धा थरथरलं. "डॉक्टर! हा खून आहे, खून!"

"हो," डॉक्टर म्हणाले. "पण थोडक्यात वाचली." ते मिनेकोकडे बघत होते. कुसुनोकींना वाटलं, ते माझ्याबद्दल बोलतायत. 

गेल्या आठवड्यात मिनेकोनं कढत चहाचा पेला माझ्या माथ्यावर ठेवला. बशी नव्हती. उन्हानं कमजोर झालेल्या माझ्या रोगणावर त्याचं पांढरं गोल वळं उमटलं. पेला उचलल्यावर तिला ते दिसलं आणि ती दचकली. "अगं बाई!" म्हणाली, आणि पदरासारखा रजईचा कोपरा ओढून ते पुसू लागली. ते पुसलं जात नाही.

डॉक्टर शेजारीच बसले होते. त्यांचा हात आपोआप पुढे आला. इतक्या वर्षांची सवय. मग तो हात वाटेतच थांबला. त्यांनी स्वतःचा कढत पेला उचलला आणि त्या वळ्याला चिकटून माझ्या माथ्यावर ठेवला. दोघं बागेकडे बघत बसले. 

आता माझ्या माथ्यावर तशी दोन वळी आहेत. आमचे सगळ्यांचे दिवस भरत आलेत. हे दोघं गेल्यावर कुणीतरी जाणता संग्राहक मला उचलून नेईल. मोजे घालेल, हळहळेल, पुन्हा काळी कुळकुळीत करायला निघेल. त्याला माझं हात जोडून सांगणं आहे. बदकाचं डोकं हवं तर लाव. चीरही बुजव. पण ती दोन वळी तेवढी राहू दे. आणि मला नेण्याआधी एकदा मागे वळून बघ, तुझ्या घरात उत्तरेच्या खोलीत कोण बसलंय.